ग्रीसचं ‘ने’ आणि आमचा ओटा

ग्रीस देशात ‘हो’ म्हणायचं असलं की ‘ने’ म्हणतात, आणि ‘नाही’ म्हणायचं असलं की ‘ओही’ म्हणतात. एवढंच मला दौंडच्या चौकात कुणी सांगितलं असतं, तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं. पण मग मला लिहायलाही काही उरलं नसतं. म्हणून कुणी सांगितलं नाही तेच बरं झालं.

आमची वस्ती इनामगावच्या अलीकडं, घोडनदीच्या काठाला. तालुका शिरूर, पण आमचा बाजारहाट दौंडचा आणि लेकही दौंडलाच दिलेली. आता मी परदेशात कशी गेले, ते सांगायचं तर ओट्यापासून सुरुवात करायला लागते.

आमच्या घरापुढं काळ्या घडीव दगडाचा ओटा. माझ्या सासऱ्यांनी नदीपलीकडनं बैलगाडीतनं दगड आणून बांधलेला. मेथीच्या जुड्या बांधायच्या त्याच्यावर, झेंडूची फुलं निवडायची त्याच्यावर, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाव्हणा टेकणार त्याच्यावर, आणि रस्त्यानं कोण कुठं निघालंय याची सगळी खबर मला त्याच्यावरच मिळणार. माझा मुलगा संपत त्याच रानात रस्त्याच्या कडेला नवा बंगला बांधायला निघालाय. चांगली गोष्ट आहे. जुन्या घरात कांदा भरायचा, नव्यात आम्ही राहायचं. पण इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर मी बोट फिरवत फिरवत गेले, तर घरापुढं ओटाच नाही. तिथं मोटारीचं पार्किंग.

“आई, आता वट्यावर कोण बसतंय? समदी मोबाईल घिऊन सोफ्यावर बसत्यात,” संपत म्हणाला.

“मी बसते की.”

“तुला हॉलमधी रिक्लायनर घेतो.”

“त्यो काय अस्तोय?”

“खुर्चीच, पण मागं व्हते.”

“मी कशाला मागं होऊ?”

इथवर हसण्यावारी चाललं होतं. पण मग मिस्त्री म्हणाला की जुन्या ओट्याचे दगड चांगले टणक आहेत, फोडून सोलिंगला टाकू. सोलिंग म्हणजे फरशीच्या खाली दगडांचा भराव घालतात ते. म्हणजे माझा ओटा फोडायचा, पुरायचा, आणि वरून मोटार उभी करायची. त्या दिवसापासून मायलेकांचं बोलणं बंद. मी भिंतीकडं बघून बोलायची आणि तो दाराकडं बघून उत्तर द्यायचा.

लेक मनीषा कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत आहे. गोळ्या पाकिटात भरायचं नवं मशीन घ्यायचं होतं, ते पारखायला तिला अथेन्सला पाठवत होते. ती म्हणाली, “आई, काम झाल्यावर मी सुट्टी टाकते. चल माझ्यासंगं. इथं ठेवली तर तुम्ही दोघं एकमेकांची डोकी फोडाल.” जावई दुबईला होते तेव्हा काढलेला माझा पासपोर्ट अजून कोराच होता. मी तयार झाले.

निघताना मात्र उंबऱ्यात उभी राहून सरळ संपतकडं बघून बोलले. “त्या दगडाला हात लावायच्या आधी मला इचारायचं. मी सात समुद्रापार असले तरी इचारायचं.”

“इचारीन,” तो म्हणाला. तेवढ्यावर मी गेले.

अथेन्स

विमानाचं मी काही सांगत नाही. बसलं की बसलं.

अथेन्समध्ये मनीषा सकाळी मशीन बघायला जायची आणि मी हॉटेलाखालच्या खाणावळीत. खाणावळीचा मालक गुबगुबीत, मिशीवाला, आमच्या दौंडच्या बाजारात गुळाच्या ढेपांमागं बसवला तर कुणी ओळखायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यानं उकडलेली पालेभाजी आणली. बघते तर तांदूळजा! आपल्या बांधावरचा तांदूळजा, लसूण नाही, मिरची नाही, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू पिळलेलं. परमुलखात गाववाला भेटावा तसं झालं. मी ताट साफ केलं. मालकानं वाडगं पुढं करून काहीतरी विचारलं. मी हात हलवून म्हणाले, “नाय, नाय.”

त्यानं भरभरून वाढलं.

अन्न टाकायचं नाही म्हणून खाल्लं. परत आला. मी जरा जोरात, “नाय वो, नाय, नाय!” त्याचा चेहरा असा फुलला म्हणता, त्यानं भाजी तर वाढलीच, वर घेवड्याच्या दाण्यांची वाटी आणि चीजचा पांढरा तुकडा. संध्याकाळी मनीषा आली तेव्हा मी पलंगावर आडवी.

“आई, काय झालं?”

“ही माणसं लई आग्रहाची हायत गं. आपल्याकडं लग्नात व्याह्याला पण एवढं वाढत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी मी वाडग्यावर हात आडवा धरला आणि तोंड मिटून बसले. तेव्हा कुठं सुटका.

मशीनच्या कंपनीतला निकोस नावाचा इंजिनिअर रविवारी आम्हाला टेकडीवरची जुनी देवळं दाखवायला घेऊन गेला. पोरगा गुणी. मला चढ लागला की स्वतःच दम लागल्यासारखं करायचा. तो इंग्रजीत बोलायचा आणि मनीषा मला मराठीत सांगायची. संगमरवर इतका गुळगुळीत झालेला की मी चपला काढून हातात घेतल्या. लोकांना वाटलं, देवाला मानते. मानते, पण ते पडायच्या भीतीनं होतं.

निकोस म्हणाला, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं.

“त्याला सांग,” मी मनीषाला म्हणाले, “आमच्या इनामगावला खणलं, तवा त्याच्याबी आधीच्या माणसांच्या चुली निघाल्या.”

त्यानं डोळे मोठे केले. “तिथं आता बघायला काय आहे?”

“बघायला काय, बाभळी हायत.”

तो इतका हसला की शेजारचे लोक वळून बघायला लागले. मग खाली सावलीला बसल्यावर मनीषानं त्याला आमचा ओट्याचा तंटा सांगितला. मला कळत होतं, कारण मधेच ती ‘रिक्लायनर’ म्हणाली. तो एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, एजिना बेटावर माझ्या आत्याच्या गावात एक घर आहे, ते तुमच्या आईंनी बघितलंच पाहिजे. किल्ली आत्याकडंच असते.

एजिना

निकोसला काम होतं, म्हणून आम्ही मायलेकीच निघालो. बोट मोठी होती, मोटारीसुद्धा आत जातात. आमच्या घोडनदीत उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त, त्यामुळं एवढं निळं पाणी बघून मला आधी वाटलं की यात काहीतरी कालवलंय. मनीषा म्हणाली, “आई, आता प्रत्येक गोष्ट नदीशी जोडू नको.” मी बरं म्हणाले आणि मनातल्या मनात जोडत राहिले.

त्या दिवशी संकष्टी. मला उपास. आता चंद्रोदय कुठला धरायचा, दौंडचा का एजिनाचा? एजिनाला चंद्र उशिरा. मी विचार केला, व्रत घेतलं दौंडच्या देवळात, नवस दौंडच्या गणपतीला, मग चंद्र एजिनाचा का? संध्याकाळी दौंडला उगवला असेल त्या वेळेला, इथं अजून लख्ख ऊन होतं तरी, मी हात जोडून जेवायला बसले. मनीषाला म्हणाले, गणपतीला सगळीकडचं दिसतं, तो समजून घेतो.

त्या बेटावर जिकडं तिकडं पिस्त्याच्या बागा. पिस्ता मी आजवर मिठाईवर हिरवा चुरा म्हणून बघितला होता. त्याचं झाड असतं, ते आपल्या डाळिंबासारखं बुटकं आणि पसरट असतं, आणि खाली दोन माणसं बसून निवांत गप्पा मारू शकतात, हे मला तिथं कळलं.

मास्तरणीचं घर

निकोसची आत्या आमची वाट बघत टॅक्सीपाशीच उभी होती. तिला सगळे ‘किरा लेनी’ म्हणतात. किरा म्हणजे आपल्याकडं काकू म्हणावं तसं. मी तिला लेनीबाई म्हणायला लागले आणि तिलाही ते आवडलं. वय माझ्याएवढंच. काळा झगा, पांढरा अंबाडा, गुडघे माझ्यासारखेच कुरकुरणारे. तिला ना इंग्रजी, ना मराठी. मला ना इंग्रजी, ना ग्रीक. त्यामुळं आमचं पहिल्या क्षणापासून जमलं.

“एला, एला,” म्हणत, हातानं बोलावत ती पुढं, आणि आम्ही मागं.

घर मला आधी दिसलंच नाही. डोंगराचाच दगड काढून भिंती बांधलेल्या, त्यामुळं डोंगर कुठं संपला आणि घर कुठं सुरू झालं ते कळेना. आणि त्या ओबडधोबड भिंतींवर सिमेंटचा एक लांब सरळ स्लॅब, कागद ठेवावा इतका पातळ दिसणारा, बारक्या लोखंडी खांबांवर. अंगणातल्या फरशीच्या दगडांमधल्या फटी चुन्यानं रंगवलेल्या, जसं कुणी रोज रांगोळी काढतंय.

त्या घराची गोष्ट निकोसनं आधीच सांगितली होती. गावातल्या शाळेच्या मास्तरीणबाईंचं ते घर. त्यांचा भाचा परदेशात जाऊन घरं बांधायची विद्या शिकून आला. मास्तरीणबाईंना हवं होतं शहरासारखं घर, गच्ची-कठडा असलेलं. पण भाचा म्हणाला, मी जगभर फिरून आलो, आपल्या खेड्यातल्या घरांसारखी शहाणी घरं कुठं नाहीत. त्यानं सिमेंट वापरलं, लोखंड वापरलं, भिंतभर लांब खिडकी केली, आणि बाकी सगळं गावच्या घरांकडनं घेतलं. मास्तरीणबाई म्हणे वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हत्या. आता सरकारनं ते जुनं म्हणून जपायचं ठरवलंय.

मी मनीषाला म्हणाले, “आपल्या घरचं उलटं दिसतंय. हितं म्हातारीला नवं पायजे आन् पोराला जुनं.”

आत गेले आणि मान वर केली. गोल वाशांवर बोरू दाटीनं अंथरलेले, त्याच्यावर माती. “अगं, हे तर माळवद!” आपल्याकडं जुन्या घरांना पांढरी माती घालून करतात ना, तसंच धाबं. फक्त पुढच्या खोलीत ते संपतं आणि तिथनं सिमेंटचा स्लॅब सुरू होतो, आणि दोन्हींच्या मधनं उजेडाची एक पट्टी आत येते. भिंतीत कोनाडे. झोपायला पलंग नाही, भिंतीतच बांधलेला चौथरा. स्वयंपाकघरात धुराडं, आणि शेजारी सरकत्या दारांची कपाटं, आजच्या मॉड्यूलर किचनवाल्यांनी बघून लाजावं अशी. छपराचं पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात उतरतं. लेनीबाईनं मला बादली दिली, मी पाणी शेंदलं, ती टाळ्या वाजवायला लागली. मी अजून एक बादली शेंदली.

मग तिनं आम्हाला बसवलं आणि तबक आणलं. छोट्या बशीत एक चमचा गोड मुरंबा, कोवळ्या हिरव्या पिस्त्यांचा, आणि शेजारी पाण्याचा ग्लास. आधी गोड खायचं, वर पाणी प्यायचं. आलेल्या माणसाला आधी हेच देतात म्हणे. मी मनीषाकडं बघितलं आणि मनीषानं माझ्याकडं. गूळ-पाणी! इतक्या लांब येऊन कुणीतरी मला गूळ-पाणी दिलं. मीसुद्धा मग पिशवीतनं शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. लेनीबाईनं चमचाभर तोंडात टाकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं छाती धरली, दम घेतला, आणि पुन्हा चमचा पुढं केला. बाई दमदार.

मनीषा फोटो काढायला घरामागच्या चढावर गेली आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या खाली राहिलो. खरा घोळ तिथं झाला.

खिडकीत एक मातीचं चोचीचं भांडं होतं. इवलंसं, पोटाला गोल, चिमणीसारखं. मी ते हातात घेऊन म्हणाले, “काय गोड हाय गं बाई हे.”

लेनीबाई मान डोलवत म्हणाली, “ने, ने.”

मला वाटलं, मस्करी करते. मी खाली ठेवलं. पुन्हा उचललं. तिच्याकडं बघितलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. म्हणजे, मला? ती अजून जोरात, तोंडभर हसून, “ने! ने!”

आता मला सांगा, शिरूर तालुक्यातल्या बाईला समोरची बाई वस्तू दाखवून ‘ने, ने’ म्हणाली, तर तिनं काय समजायचं? मला भरून आलं. मी म्हणाले, “काय तुझं मन गं,” आणि भांडं पदरानं पुसून पिशवीत ठेवलं.

लेनीबाईचं हसू गेलं. “ओही,” ती म्हणाली.

मला ऐकू आलं ‘व्हय’.

“व्हय, व्हय,” मी म्हणाले, “नीट नेते, फुटायचं न्हाई.”

“ओही! ओही!”

“व्हय गं माझी बाई, व्हय!”

मी दाराकडं, ती माझ्या मागं. मला वाटलं, निरोप द्यायला येते. तिनं माझी पिशवी धरली. मला वाटलं, ओझं उचलते. मी म्हणाले, “राहू दे, मी धरते,” आणि ओढली. तिनं ओढली. मी ओढली. अंगणात त्या चुन्याच्या रांगोळीवर आम्ही दोघी पिशवी धरून गोल गोल फिरत होतो आणि दोघीही एकमेकींना फार प्रेमानं ओरडत होतो, एवढ्यात वरून मनीषाचा आवाज, “आई! काय चाललंय?”

“बघ ना, भांडं दिलं, आता पिशवीबी उचलून देते म्हणती!”

मनीषा खाली पळत आली. मोबाईलवर लेनीबाईचे शब्द घातले, मोबाईल त्यांचा अर्थ बोलून दाखवायला लागला. मनीषा तिथंच पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. “आई, ‘ने’ म्हंजे हो! ‘ओही’ म्हंजे नाही! तू म्हणालीस किती छान, ती म्हणाली हो, हो. तू ते उचलून निघालीस. ते सरकारचं भांडं हाय, आई!”

मला आधी घाम फुटला. मग खाणावळीतला मिशीवाला आठवला. मी त्याला ‘नाय, नाय’ म्हणत होते आणि तो बिचारा ‘हो, हो’ समजून वाढत होता! मी सांगितलं आणि मनीषा उठून बसलेली पुन्हा आडवी. लेनीबाईला मोबाईलनं समजावलं, तर तिनं हसता हसता माझ्या पाठीत अशी थाप मारली की चटणीचा बदलाच घेतला. भांडं पुन्हा खिडकीत गेलं. जाताना मी त्याला हात जोडले.

आणि मग तिनं मला बाहेर नेलं, घराच्या पुढच्या अंगाला, जिथनं समुद्र दिसतो. भिंतीच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडात बांधलेला, वरून चुना दिलेला ओटा.

“पेझूला,” लेनीबाई म्हणाली.

मी न विचारता बसले. पाय जमिनीला टेकले. हे कदाचित तुम्हाला काही वाटणार नाही. पण विमानात, हॉटेलात, बोटीवर, जिथं जाईन तिथं माझे पाय लोंबकळत होते, शाळेतल्या पोरासारखे. इथं टेकले. पाठीला भिंतीचं दिवसभराचं ऊन. लेनीबाई शेजारी टेकली. मनीषानं मोबाईलमधून विचारलं तर ती सांगायला लागली. लहानपणी शाळा सुटली की सगळी पोरं या ओट्यावर मास्तरीणबाईंजवळ येऊन बसायची. आणि ज्या मास्तरीणबाई असलं घर नको म्हणून भाच्याशी बोलत नव्हत्या, त्या पुढं म्हातारपणी इथनं उठायलाच तयार नसायच्या.

आमचा ओटा डोळ्यांपुढं आला.

मग जरा वेळ आम्ही नवी विद्या घोटली. ती समुद्राकडं बोट करून काही म्हणायची, मी ‘ने’. ती चटणीकडं बोट करायची, मी ‘ने’, आणि ती मान मागं टाकून, जिभेनं टक करून ‘ओही’. मला फार मजा यायला लागली. इतकी वर्षं एकच भाषा बोलून जीभ गंजली होती, असं वाटायला लागलं.

आणि फोन वाजला. संपत. मनीषानं माझ्या हातात दिला. पडद्यावर तो, मागं मिस्त्री, त्याच्या मागं ट्रॅक्टर घरघरतोय. चित्र थांबत होतं, आवाज तुटत होता.

“आई, इचारतो म्हणलं होतं, म्हणून इचारतोय. वट्याचे दगड सोलिंगला टाकू का...” आणि पुढं नुसती खरखर.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगते, मी ‘नको’च म्हणणार होते. तेवढ्यात लेनीबाई दारातनं कप दाखवून म्हणाली, “काफे?”

कॉफी. मी नव्या विद्येच्या तोऱ्यात वळले आणि खणखणीत म्हणाले, “ने! ने!”

“ने?” फोनमधनं संपत म्हणाला. “बरं.” आणि फोन कट.

कॉफी आली, सायीसारखा फेस असलेली, आणि मला तिच्याकडं बघवेना. मनीषानं परत फोन लावला. खूप वेळानं त्यानं उचलला. ट्रॅक्टरच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, “आई म्हणाली तसं नेलं की. ट्रॉली निघाली, ठेवतो.”

“त्याला खरं सांगू का?” मनीषा म्हणाली.

“काय सांगणार? तुझ्या आईनं कॉफीपायी वटा घालवला म्हणून?” मी म्हणाले. “गेले ते दगड. आता ट्रॉलीमागं पळायचं व्हय, समुद्रावरनं?”

लेनीबाईला काय कळलं माहीत नाही. तिनं माझा हात धरला आणि तो ओट्यावर, चुन्यावर ठेवला, आणि वर आपला हात ठेवला. निघताना तिनं कोवळ्या पिस्त्याच्या मुरंब्याची बरणी दिली. मी दोनदा विचारलं, “नेऊ?” ती म्हणाली, “ने.” या वेळेला दोन्ही भाषांत एकच अर्थ होता.

परत

पुण्याहून शिक्रापूरमार्गे वस्तीवर येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही, आणि मनीषा म्हणते की माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. घरापाशी उतरले. जुन्या घरापुढं ओट्याची जागा मोकळी, पुढचे दात पडल्यासारखी. मी तिकडं पाठ केली.

संपत नव्या जागेकडनं येत होता. अंगावर सिमेंट. “आलीस? चल, दाखवतो.”

“मला न्हाई बघायचं.”

“चल तर.”

बंगल्याच्या जागी अजून काहीच नव्हतं. नुसत्या चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा, खुंट्या आणि दोऱ्या. हॉल कुठं, खोल्या कुठं, सगळं जमिनीवर काढलेलं. आणि त्या नसलेल्या घरापुढं, नसलेल्या दाराच्या उजव्या हाताला, काळ्या घडीव दगडांचा ओटा बांधून तयार. दगडांवर सासऱ्यांच्या वेळचे घाव तसेच. सांध्यातला सिमेंटचा ओलावा अजून दिसत होता. मिस्त्री कडेला उभा राहून डोकं खाजवत होता. “आजी, जल्मात पयल्यांदा घराच्या आधी वटा बांधला,” तो म्हणाला.

मी संपतकडं बघितलं.

“काय बघतीस? तूच म्हणालीस,” तो म्हणाला. “मी इचारलं, दगड सोलिंगला टाकू का नव्या घरापुढं नेऊ? तू म्हणालीस, ने. दोनदा म्हणालीस. म्हणून नेलं.”

“आन् पार्किंग?”

“बाजूला सरकवलं. गाडीला काय, कुठंबी हुबी ऱ्हाती.” मग जमिनीकडं बघत म्हणाला, “तू गेल्यावर सकाळी च्या घिऊन बाहेर आलो आन् सवयीनं वट्यावर टेकलो. उठूशीच वाटंना. रस्त्यानं जाणारा जो तो इचारतोय, म्हातारी कुठं गेली. मंग इंजिनिअरला फोन लावला.”

मनीषाचे गाल फुगले होते. ती माझ्याकडं बघत होती, सांगू का म्हणून. मी मान मागं टाकली आणि जिभेनं टकटक केलं. ओही. कॉफीचं त्याला काही सांगायचं नाही. हे वाचून कळलं तर कळलं.

मी ओट्यावर बसले. पाय टेकले. पाठीशी भिंत नव्हती अजून, नुसती दोरी. पण रस्ता पूर्ण दिसत होता. दुधाची गाडी गेली. आमच्या भावकीतल्या शांताबाई थांबल्या, म्हणाल्या, “काय वो, घर कुठंय?” मी म्हणाले, “यील की मागनं.” त्यांना मुरंबा दिला, वर पाणी दिलं, पिस्त्याचा आहे म्हणाले तर त्यांचा विश्वास बसेना.

संपत जुन्या घरातनं चहा घेऊन आला. “आई, च्या घेतीस ना?”

आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, “ने.”

तो बिचारा कप घेऊन तसाच मागं फिरला. मी हाक मारणार होते, पण हसूच आवरेना. म्हटलं जाऊ दे. ओट्यावर बसलेल्या माणसाला चहा विचारायला कुणी ना कुणी येतंच.